रक्त थांबवणारी पट्टी कोणती?

मित्रांनो, आधी आपण शेतात जाऊ. हदगावच्या शिवारातलं कुठलंही शेत धरा. उसाला नाहीतर हळदीला पाणी चालू आहे. विहिरीवरची मोटार घरघरतेय आणि अचानक पाइपाला चीर जाते. फर्रर्र! पाण्याचं कारंजंच उडतं. आता काय करायचं? मोटार बंद करायला धावावं, तर विहीर दोन शेतं पलीकडे!

नवखा असेल तो डोक्याचा रुमाल सोडून पाइपाभोवती गुंडाळेल. रुमाल चिंब होईल आणि पाणी त्याच्या चारी बाजूंनी गळतच राहील. आता आजोबांना हाक मारा आणि ते काय करतात ते नीट बघा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा ते नेमका चिरेवर ठेवतात. मग ट्यूबचीच लांब पट्टी त्यावरून ताणून ताणून गुंडाळतात. प्रत्येक वेढ्याला ताण! शेवटचं टोक वेढ्याखाली खोचलं, की झालं काम. पाणी बंद, आणि मोटार चालूच.

आजोबांना ठाऊक नसेल, पण जगभरच्या सैन्यांतले डॉक्टर ज्या प्रश्नावर दीडशे वर्षं डोकं खाजवत आले, त्याचं उत्तर त्यांनी तुम्हांला दोन मिनिटांत बांधून दाखवलं. तो प्रश्न असा: सैनिकाला खोल जखम झाली आहे, रक्त भळाभळा वाहतं आहे आणि डॉक्टर लांब आहे. अशा वेळी जखमेवर कोणती पट्टी बांधायची?

तुम्ही म्हणाल, "रणांगणाशी आमचा काय संबंध बुवा? आम्ही तर अजून शाळेत जातो." संबंध आहे. रणांगण आणि आपला तालुका यांच्यात एक मोठं साम्य आहे. दोन्हीकडे जखम जवळ असते आणि मोठा दवाखाना लांब. हदगावहून नांदेड साठ-सत्तर किलोमीटर. त्यात माणूस रस्त्यालगत नसून आत एखाद्या वाडीवर, शेतात असेल तर? कडबा कापायच्या यंत्रात हात जातो, ऊस तोडताना कोयता पायावर बसतो, रस्त्यावर मोटारसायकल घसरते. १०८ नंबरला फोन लागला, गाडी निघाली, तरी ती पोचेपर्यंतची मिनिटं कुणाची? जो जवळ उभा आहे त्याची. म्हणजे कदाचित तुमची.

पाच लिटरचा हिशेब

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तुमचं वजन तीस किलो असेल तर तुमच्या अंगात सव्वादोन लिटरच्या आसपास. म्हणजे पाण्याच्या दोन-अडीच बाटल्याच की! यातलं थोडं गेलं तर शरीर सांभाळून घेतं. रक्तदान करणारा माणूस बाटली देऊन चहा-बिस्किट खाऊन घरी जातोच ना? पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्त झपाट्यानं गेलं, तर जिवावर बेततं. आणि मांडीतली मोठी धमनी तुटली, तर हे सगळं अवघ्या काही मिनिटांत घडू शकतं.

रक्त इतक्या जोरात का वाहतं? कारण आपली मोटार, म्हणजे हृदय, चालूच असते. डॉक्टर रक्तदाब मोजतात तेव्हा 'एकशेवीस' म्हणतात ना, तो १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब. पारा जड असतो. तोच दाब पाण्याच्या भाषेत सांगायचा तर एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ! म्हणजे तुमच्या ताईच्या उंचीएवढा. हा दाब आतून ढकलत असताना बाहेरून त्याच्यापेक्षा जास्त दाब दिला, तरच चीर बंद होणार.

कापूस पितो, थांबवत नाही

जखम झाली की आपण काय करतो? "कापूस आण, कापूस आण!" असा ओरडा होतो. आपला भाग तर कापसाचाच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातलं 'नांदेड-४४' हे वाण एके काळी किती पेरलं जायचं, ते आजोबांनाच विचारा.

एक गंमत करून बघा. शेतातल्या बोंडातला कापूस पाण्यावर ठेवा. तो तरंगतो! आता औषधाच्या दुकानातला कापूस ठेवा. तो भराभर पाणी पिऊन बुडतो. असं का? तर कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, आणि मेणाला पाणी चिकटत नाही. दवाखान्यातला कापूस अल्कलीच्या पाण्यात उकळून, धुऊन, पांढरा केलेला असतो. त्याचं मेण निघून गेलेलं असतं. १८८० साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात जोसेफ सॅम्पसन गॅमजी या सर्जननं असा शोषक कापूस जाळीदार कापडाच्या दोन थरांत घालून जखमेवर ठेवायची गादी तयार केली. ती जगभर गेली.

पण मित्रांनो, इथंच खरी मेख आहे. कापसानं रक्त पिलं म्हणजे रक्त थांबलं असं नाही. पाइपावरचा रुमाल आठवा. त्यानंही पाणी पिलंच होतं! उलट कापसाचा मोठा बोळा घोटाघोटानं रक्त पीत राहतो, वरून पांढरा दिसतो आणि आपल्याला वाटतं, चला, थांबलं. आत मात्र वाहणं चालूच असतं. शिवाय सुटा कापूस जखमेत चिकटतो आणि त्याचे धागे डॉक्टरांना एकेक करून काढावे लागतात. म्हणून जखमेवर थेट सुटा कापूस नको. घडी केलेलं कापड किंवा जाळीदार गॉज बरं.

बैलगाडीचं चाक आणि दाबाचं गणित

पावसाळ्यात काळ्या रानात लोखंडी धावेची गाडी रुतते आणि टायरची गाडी त्यामानानं कमी रुतते. दोन्हींवर ओझं तेवढंच असलं तरी! कारण धाव अरुंद आणि टायर रुंद. ओझं थोड्या जागेवर पडलं की दाब वाढतो.

आता हेच जखमेला लावू. समजा, तुम्ही दहा किलोच्या जोरानं दाबताय. तळवा पसरून दाबलं तर तो जोर साधारण शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरला. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम. आणि मघाचा एकशेवीसचा रक्तदाब किती होतो माहीत आहे? चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एकशे साठ ग्रॅम. म्हणजे तुम्ही हरलात! पण कापडाची पाच सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद, टणक घडी केली, ती नेमकी रक्त येतंय तिथं ठेवली आणि तेवढ्याच जोरानं दाबली, तर? पंचवीस चौरस सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला चारशे ग्रॅम. आता तुम्ही जिंकलात. खोलवर जाता जाता मांसातून हा दाब थोडा कमी होतो, म्हणून जोर आणखी लावायचा. पण हिशेब हाच.

आजोबांनी चिरेवर आधी जो ट्यूबचा तुकडा ठेवला, तो याचसाठी!

आणि दाब किती वेळ द्यायचा? आई दही लावते ते आठवा. विरजण घातलेलं भांडं कुणी सारखं झाकण काढून हलवत बसलं, तर दही लागेल का? रक्ताचंही तसंच. जखमेच्या तोंडाशी रक्तातल्या बारीक बिंबिका गोळा होतात, त्यांच्याभोवती फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि गुठळी धरते. त्याला काही मिनिटं लागतात. "थांबलं का, थांबलं का" करत दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून बघितलं, की जाळं तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घड्याळ लावून निदान दहा मिनिटं सलग दाबायचं. बघायचा मोह आवरायचा!

पण हात किती वेळ दाबून धरणार? सैनिकाचा दुसरा हात बंदुकीवर असतो, अजून चार जखमी असतात. म्हणून हाताच्या जागी पट्टी हवी. दाबपट्टी म्हणजे न थकणारा हात.

सैनिकाच्या खिशातली पट्टी

पूर्वी लढाईत जखमी झालेला माणूस तासन् तास तिथंच पडून राही. मदत यायची ती लढाई संपल्यावर. एकोणिसाव्या शतकात जर्मन सर्जन फ्रीड्रिश फॉन एस्मार्क यांनी हट्ट धरला, की पट्टी डॉक्टरच्या पेटीत ठेवून उपयोग नाही. ती प्रत्येक सैनिकाच्या खिशात हवी, आणि ती बांधायची कशी हे त्याला शिकवायला हवं. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी 'फील्ड ड्रेसिंग'ची पाकिटं सैनिकांजवळ असायची. आत एक गादी आणि तिला शिवलेली लांब पट्टी.

जखमी माणूस दवाखान्यात येण्याची वाट बघू नका, दवाखानाच त्याच्याजवळ न्या, हा विचार आपल्या एका मराठी माणसानं जगून दाखवला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांत ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथं आघाडीच्या जवळ, खेड्यांतल्या घरांत आणि देवळांत शस्त्रक्रिया करत. १९३९ साली बोटाला झालेल्या जखमेत विष भरून ते वारले. त्यांच्या नावानं काढलेल्या रुग्णालयाची जबाबदारी पुढं डॉ. कोटणीसांनी घेतली, आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचाही मृत्यू झाला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. तुमच्या पणजोबांनी तो नक्की पाहिला असेल.

"वर दगड बांधा!"

खिशातल्या त्या जुन्या पट्टीत एक खोट होती. ती साध्या सुती कापडाची. तिला ताण नाही. बांधताना घट्ट वाटायची, पण जखमी माणूस जरा हलला, स्ट्रेचरवर चढवला, की ढिली पडायची. दाब गेला, की रक्त पुन्हा चालू.

१९८०च्या दशकात बर्नार्ड बार-नातान नावाचा तरुण इस्रायलच्या सैन्यात वैद्यकीय मदतनीस म्हणून शिकत होता. त्याला हीच जुन्या धाटणीची पट्टी दिली गेली. आणि दाब पुरेना तर काय करायचं, असं विचारल्यावर शिकवणारे म्हणत, 'एखादा दगड उचला आणि वरून बांधा!' त्याला वाटलं, दगडच लागणार असेल तर तो पट्टीतच का असू नये? मग त्यानं ताणली जाणारी पट्टी घेतली आणि गादीच्या वर प्लास्टिकचा एक आकडा बसवला. पट्टीचा एक वेढा त्या आकड्यातून ओवायचा आणि उलट दिशेनं ओढायचा, की आकडा खाली बसतो आणि नेमका जखमेवर दाबतो. टोकाला दुसरा आकडा. तो वेढ्यात अडकवला की गाठ मारायची गरज नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बोस्नियातल्या नाटोच्या सैनिकांनी ती वापरली, आणि आज 'इस्रायली बँडेज' म्हणून ती जगभर ओळखली जाते.

आणखी एक पट्टी आहे, 'ओलाएस'. २००४ साली अफगाणिस्तानात मरण पावलेल्या टोनी ओलाएस या अमेरिकन सैनिकी वैद्याचं नाव तिला दिलं आहे. तिच्यात आकड्याऐवजी वाटीसारखा प्लास्टिकचा कप असतो, आणि गादीच्या आत जादा गॉज, खोल जखमेत भरण्यासाठी. शिवाय पट्टीच्या लांबीत अधूनमधून चिकटपट्टीचे थांबे शिवलेले असतात. कशाला? तर ओल्या, थरथरत्या हातातून गुंडाळी निसटली तर ती भुर्रकन उलगडून चिखलात जाऊ नये म्हणून! किती बारीक विचार केलाय बघा.

चिनीमाती, कोळंबी आणि आवळपट्टी

काही जखमा इतक्या खोल असतात, की वरचा दाब आतल्या धमनीपर्यंत पोचतच नाही. जांघ, काख अशा जागी तर पट्टी गुंडाळायलाही अडचण. तिथं जखमेत गॉज बोटानं ठासून भरतात आणि मग वरून दाबतात. अमेरिकन सैन्यानं २००८पासून वापरलेल्या एका गॉजमध्ये केओलिन म्हणजे चक्क एक प्रकारची चिनीमाती असते. ती रक्त गोठायला घाई करते. दुसऱ्या प्रकारात कायटोसॅन असतं, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढलेलं. आपल्या डीआरडीओच्या दिल्लीतल्या 'इन्मास' प्रयोगशाळेनंही जवानांसाठी कायटोसॅनचा लेप आणि खूप शोषून घेणाऱ्या पट्ट्या तयार केल्या आहेत. पण लक्षात ठेवा, असा गॉज भरला तरी वरून निदान तीन मिनिटं हातानं दाबावंच लागतं. औषध दाबाच्या मदतीला येतं, दाबाच्या जागी नाही.

आणि हाता-पायातलं रक्त दाबूनही थांबेना, तर शेवटचं शस्त्र म्हणजे टूर्निकेट. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, रुंद पट्टा बांधून दांडीनं पिळायचा आणि त्या अवयवाचा सगळा रक्तपुरवठाच तोडायचा. इराकमध्ये बगदादच्या लष्करी रुग्णालयात २००६ साली डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. रक्त जाऊन माणूस गार पडण्याच्या आधी टूर्निकेट बांधलेल्यांपैकी शंभरातले नव्वद वाचले. गार पडल्यावर बांधलेल्यांपैकी शंभरातले दहाच! म्हणजे योग्य साधन असून भागत नाही, ते योग्य वेळी लागतं.

पट्टीला मर्यादाही आहेत. २००१ ते २०११ या काळात मरण पावलेल्या ४,५९६ अमेरिकन सैनिकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात पोचण्याआधी मेलेल्यांपैकी ९७६ जण कदाचित वाचू शकले असते, असं त्यात दिसलं, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांचा जीव रक्तस्रावानं गेला होता. पण त्यातला बराचसा रक्तस्राव छाती-पोटाच्या आतला होता. तिथं कुठलीच पट्टी पोचत नाही. तिथं एकच उपाय, लवकरात लवकर शस्त्रक्रिया.

मग निवडायची कशी?

सैन्यातले लोक पट्टी निवडताना महागडी कुठली हे बघत नाहीत. ते साधे प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारा.

पहिला: ही पट्टी एका जागी दाब देते का, की नुसतीच गुंडाळली जाते? दुसरा: माणूस हलला तरी ताण टिकतो का? तिसरा: एकाच हातानं, स्वतःच्या अंगावर, अंधारात बांधता येते का? कारण दुसराच हात जखमी असू शकतो. चौथा: टोक सुटत तर नाही ना? पाचवा: पाकीट घट्ट बंद, निर्जंतुक आणि मुदतीतलं आहे का, आणि झटकन फाडता येतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा सहावा: मी ही कधी बांधून पाहिली आहे का? पाकिटावरच्या सूचना वाचायला तेव्हा वेळ नसतो. साधी पट्टी ज्याच्या हाताला ठाऊक आहे तो, भारी पट्टी पहिल्यांदाच उघडणाऱ्यापेक्षा पुढं असतो.

सैन्यात आणखी एक नियम असतो. जखमीवर उपचार करताना त्याच्याच खिशातली पट्टी वापरायची, आपली नाही. आपली आपल्याला लागू शकते! म्हणून सगळ्यांनी ती ठरलेल्या जागी ठेवायची, म्हणजे शोधावी लागत नाही.

पट्टी बांधून रक्त थांबलं म्हणजे संपलं, असंही नाही. हे आपल्या नांदेडच्या इतिहासातच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींवर नांदेडला प्राणघातक हल्ला झाला. जखम शिवली, ती भरत आली होती. पण त्यांनी एक कडक धनुष्य ओढलं आणि जखम पुन्हा उघडली, असं शीख परंपरेत सांगतात. ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणून रक्त थांबलेल्या माणसालाही हलू द्यायचं नाही. "मी ठीक आहे, जातो चालत" असं तो म्हणाला तरी!

आपल्या घरात, आपल्या गावात

इस्रायली बँडेज आपल्या गावच्या दुकानात मिळेलच असं नाही. हरकत नाही. औषधाच्या दुकानात क्रेप बँडेज मिळतं, ताणलं जाणारं, मुरगळलेल्या पायाला बांधतात ते. दहा सेंटिमीटर रुंदीचं एक घ्या. सोबत निर्जंतुक गॉजची चार पाकिटं. झाली घरची दाबपट्टी! घडी केलेला गॉज म्हणजे आजोबांचा ट्यूबचा तुकडा आणि क्रेप म्हणजे ताणलेली लांब पट्टी. एक जोडी घरात, एक शेतातल्या आखाड्यावर, एक ट्रॅक्टरच्या पेटीत. तेही नसेल तर रुमाल, उपरणं, ओढणी. कापड स्वच्छ हवं, पण स्वच्छ कापड शोधण्यात मिनिटं घालवायची नाहीत.

प्रसंग आलाच, तर हा क्रम लक्षात ठेवा.

आधी स्वतःला सांभाळा. यंत्र चालू असेल तर बंद करा, रस्ता असेल तर कुणाला तरी गाड्या थांबवायला उभं करा. ओरडून मोठ्या माणसाला बोलवा आणि १०८ला फोन करायला सांगा. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळता आली तर उत्तम. जखमीला आडवं करा. कपडा बाजूला करून रक्त नेमकं कुठून येतंय ते बघा. तिथं टणक घडी ठेवा आणि कोपरं सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन, दोन्ही हातांनी दाबा. कापड भिजून वर आलं तर ते उचलू नका. त्यावर आणखी एक घडी ठेवा आणि जास्त जोरानं दाबा. नुसता कापडांचा ढीग करू नका, त्यानं दाब पसरतो. तरीही वाहतच राहिलं, तर दाब चुकीच्या जागी पडतोय. मोठ्यांनी एकदाच नीट बघून नेमकी जागा धरायची.

रक्त आटोक्यात आलं की त्या घडीवरून क्रेप ताणून गुंडाळा. मग बोटांची टोकं बघा. ती निळी-पांढरी, गार पडली किंवा बधिर झाली, तर पट्टी जरा सैल करा, पण दाब राहू द्या. अंगावर चादर घाला. रक्त गेलेला माणूस गारठतो, आणि गारठलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

आता काही 'नको' ऐका. जखमेत हळद, चहापत्ती, चुना, तंबाखू, माती काहीही भरू नका. घरात पोत्यानं हळद असली तरी! हळद दाब देत नाही, आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जखमेत काच, खिळा, लाकूड घुसलेलं असेल तर ओढून काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. गळ्याभोवती कधीही पट्टी गुंडाळू नका, तिथं फक्त हातानं दाबायचं. टूर्निकेट हे शिकलेल्या मोठ्या माणसाचं काम. तार, सुतळी, बारीक दोरी तर मुळीच नको, ती मांस कापते. ते सांध्यावर नसतं, जखमेच्या चार बोटं वर असतं, बांधल्याची वेळ लिहून ठेवायची असते आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडायचं नसतं.

आणि हे तर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: साप चावला तर असं काही करकचून बांधायचं नाही. तो वेगळा प्रश्न आहे. तिथं अवयव न हलवता माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं.

"पण पोलिसांचं झंझट मागं लागेल," असं म्हणून मोठी माणसं कधी कधी रस्त्यावरच्या जखमीजवळ थांबत नाहीत. त्यांना सांगा, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आहे. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून कायदाच त्याच्या पाठीशी उभा आहे.

करून पाहा

या रविवारी मित्राला, नाहीतर बहिणीला बसवा. दंडावर लाल खडूनं एक ठिपका काढा, ती जखम. रुमालाची टणक घडी त्यावर ठेवा आणि क्रेप गुंडाळा. पहिल्या खेपेला किती वेळ लागला ते घड्याळात बघा. मग डोळे मिटून करा. मग एकाच हातानं स्वतःच्या पायावर करा. मित्राला दहा पावलं चालायला लावा. घडी ठिपक्यावरून सरकली का? सरकली तर पट्टी नापास! बोटांचा रंग बदलला तर लगेच सोडा. गळ्यावर हा खेळ खेळायचा नाही, आणि दांडी घालून पिळायचंही नाही.

पाच-सहा वेळा केलंत की हाताला आपोआप कळायला लागेल, कुठं ठेवायचं, किती ताणायचं. ते एकदा कळलं, की मग क्रेप मिळो, ओढणी मिळो, नाहीतर आजोबांचं उपरणं मिळो. पुढच्या वेळी ते पाइप बांधत असतील तेव्हा शेजारी बसा आणि एक वेढा तुम्ही घाला. आणि विचारा त्यांना, "आबा, असाच ताण ना?"